राजदूताची तार कुणाच्या मालकीची?

४ ऑगस्ट १९१४ ची रात्र. अकरा वाजून गेले होते, म्हणजे ब्रिटनने दिलेली मुदत संपून ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्ध सुरू झालं होतं. लंडनमधल्या जर्मन वकिलातीच्या दारात हॅरल्ड निकल्सन नावाचा ब्रिटिश परराष्ट्र खात्यातला एक अगदी कनिष्ठ अधिकारी येऊन उभा राहिला. थोड्या वेळापूर्वी वकिलातीत पोचवलेला युद्धाचा कागद चुकीच्या बातमीवरून लिहिला गेला होता. तो परत घ्यायचा आणि दुरुस्त केलेला द्यायचा, एवढंच त्याचं काम. नोकर म्हणाला, साहेब झोपलेत. निकल्सन हटला नाही. शेवटी त्याला खोलीत नेलं, तर पडद्याआड पितळी पलंगावर राजदूत पायजम्यात पडून होते. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे नुसता हात केला. लखोटा अर्धवट फाडलेला होता, आतून मायदेशी परतण्याचे पासपोर्ट डोकावत होते, आणि मजकूर बहुधा वाचलेलाच नव्हता. पोच हवी होती म्हणून टीपकागदाचं पॅड पलंगापाशी नेलं, टाक शाईत बुडवून हातात दिला. सही होत असताना खालच्या रस्त्यावरून जमावाचा आरडाओरडा ऐकू येत होता. राजदूतांनी उशाचा गुलाबी दिवा मालवला. मग आपण जरा तुसडेपणाने वागलो असं वाटून पुन्हा लावला आणि म्हणाले, वडिलांना माझा नमस्कार सांगा, निघण्याआधी त्यांची भेट होईल असं वाटत नाही. निकल्सनचे वडील म्हणजे ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे मुख्य सचिव.

या राजदूतांचं नाव प्रिन्स कार्ल माक्स लिखनॉव्स्की. त्या लखोट्यात काय असणार, हे त्यांना वाचायची गरजच नव्हती. तेच तर ते वीस महिने बर्लिनला कळवत होते.

लिखनॉव्स्कींबद्दल बोलताना ‘शांततेसाठी झटलेला सज्जन माणूस’ असं म्हणून हळहळण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. १९१४ च्या जर्मनीत धोक्याची सूचना देणारं कुणी नव्हतं, असं झालंच नाही. सूचना होती, लेखी होती, वेळेवर पोचली होती. ती ज्यांच्यापर्यंत जायला हवी होती त्यांच्यापर्यंत गेली नाही. परदेशात बसलेला राजदूत ‘हे पाऊल टाकलंत तर अमुक देश आपल्यावर उलटेल’ असं लिहितो, तेव्हा तो कागद राजाचा की परराष्ट्रमंत्र्याचा, की ज्यांच्या घरातली माणसं मरणार आहेत त्यांचा? माझ्या मते तो त्यांचा आहे. युद्धाचा निर्णय होण्याआधी तो त्यांच्या प्रतिनिधींसमोर ठेवणं ही कुणाची मेहेरबानी नसावी, ते बंधन असावं.

आधी माणूस थोडा पाहू. जन्म १८६०, सायलेशिया या पूर्वेकडच्या जर्मन प्रांतातलं बडं जमीनदार घराणं. याच घराण्यातल्या एका प्रिन्सने बीथोव्हनला आश्रय दिला होता आणि ‘पाथेटिक’ सोनाटा त्याच्याच नावे अर्पण केलेला आहे. कार्ल माक्स परराष्ट्र खात्यात गेले, लंडन, बुखारेस्ट, व्हिएन्ना असं फिरले, बर्लिनच्या कचेरीत काही वर्षं काढली आणि १९०४ मध्ये बाजूला होऊन गावी शेतीवाडीकडे परतले. आठ वर्षं तिथेच, मधूनमधून राजकारणावर लेख लिहीत. १९१२ मध्ये लंडनची जागा रिकामी झाली. तिथे अकरा वर्षं राजदूत असलेले वोल्फ-मेटर्निख हे, जर्मन आरमार वाढवत राहिलात तर इंग्लंड दुरावेल, असं सांगून सांगून नकोसे झाले होते, म्हणून त्यांना परत बोलावलं. त्यांच्या जागी आलेले मार्शल फॉन बीबरश्टाइन काही महिन्यांतच वारले. मग लिखनॉव्स्कींना पाठवलं. खरं बोलल्याबद्दल घरी बसवलेल्या माणसाची ही खुर्ची होती, हे ध्यानात असू द्यावं.

आल्या आल्याच, ३ डिसेंबर १९१२ ला, ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॉल्डेन त्यांना भेटले आणि स्पष्ट म्हणाले की जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला तर ब्रिटन हात बांधून बसणार नाही. लिखनॉव्स्कींनी ते जसंच्या तसं कळवलं. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसऱ्या विल्हेल्मने ८ डिसेंबरला, रविवारी सकाळी, तो अहवाल वाचला, संतापला आणि लष्कर-आरमाराच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. चान्सेलर बेथमान होलवेग यांना निरोपच नव्हता. लष्करप्रमुख मोल्ट्के म्हणाले, युद्ध होणारच असेल तर जितकं लवकर तितकं बरं. आरमाराचे टिर्पिट्झ म्हणाले, दीड वर्ष थांबा. या बैठकीला किती वजन द्यायचं यावर इतिहासकारांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट खटकते. राजदूताने सावध केलं, आणि त्याचा उपयोग वाट बदलण्यासाठी झाला नाही, दारूगोळ्याचा हिशोब करण्यासाठी झाला.

पुढची दीड वर्षं लिखनॉव्स्कींनी कामात घालवली. बाल्कन युद्धांच्या काळात लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरली, तीत ते होते. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींबद्दल ब्रिटनशी बोलणी केली. जर्मन भांडवलावर बांधल्या जाणाऱ्या बगदाद रेल्वेवरून दोन्ही देशांत कित्येक वर्षं धुसफूस चालू होती, तिच्यावर तोडगा निघाला आणि १५ जून १९१४ ला त्या कराराच्या मसुद्यावर लिखनॉव्स्की आणि ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे यांच्या आद्याक्षरांच्या सह्या झाल्या. त्याच महिन्यात ऑक्सफर्डने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पुढे दोन आठवड्यांत सारायेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ऑस्ट्रियाने ठपका सर्बियावर ठेवला.

आणि इथून जे घडलं ते वाचताना मला आजही राग येतो. ५ जुलैला कैसरने ऑस्ट्रियाला कोरा धनादेश दिला: सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. लंडनमधल्या स्वतःच्या राजदूताला मात्र सगळं सांगितलं नाही. जर्मन परराष्ट्र सचिव यागो यांनी १८ जुलैला त्यांना खाजगी पत्र लिहिलं. रशिया आज तयार नाही, काही वर्षांनी तयार होईल आणि नुसत्या संख्येने आपल्याला चिरडेल, तेव्हा हे भांडण ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांच्यापुरतं ठेवू, असा त्याचा रोख. लिखनॉव्स्कींनी उत्तर धाडलं की एकदा शस्त्रं बाहेर निघाली की भांडण तेवढ्यापुरतं राहील ही नुसती भाबडी इच्छा आहे. ऑस्ट्रियाने सर्बियाला धाडलेल्या निर्वाणीच्या खलित्यातला मजकूर आपल्याला आधी ठाऊक नव्हता, असं जर्मन सरकार जगाला सांगत होतं. खलिता त्यांच्या हाती २२ जुलैलाच आला होता. २६ तारखेला ग्रे यांनी चार देशांच्या मध्यस्थीची सूचना मांडली. २७ ला लिखनॉव्स्कींची तार गेली: ग्रे आज पहिल्यांदाच चिडलेले दिसले, अशा परिस्थितीत युद्ध झालं तर इंग्लंड आपल्या विरोधात असेल. त्याच दिवशी ऑस्ट्रियाचे बर्लिनमधले राजदूत सोग्येनी यांनी व्हिएन्नाला जे कळवलं ते असं: इंग्लंडच्या सूचना जर्मन सरकार आपल्याकडे पाठवील, पण त्यांच्याशी ते मुळीच सहमत नाही. उलट त्याकडे लक्ष देऊ नका, असं त्याचं सांगणं आहे. फक्त इंग्लंडचं मन राखायला त्या पुढे पाठवाव्या लागतात.

म्हणजे लिखनॉव्स्की ग्रे यांच्या खोलीत बसून, माझं सरकार मनापासून मध्यस्थी करत आहे, असं सांगत होते आणि त्यांचं सरकार दुसऱ्या दाराने तीच मध्यस्थी मारत होतं. शत्रूला फसवायचं तर आधी आपला दूत फसलेला असावा लागतो, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर खोटं दिसत नाही. एका प्रामाणिक माणसाचा याहून वाईट वापर मला सुचत नाही.

२९ जुलैला ग्रे यांनी आडपडदा न ठेवता बजावलं की फ्रान्स आणि जर्मनी यात ओढले गेले तर ब्रिटनला फार काळ बाजूला राहता येणार नाही. ही तार वाचून कैसरने समासात शेरे मारले. ग्रे हा भामटा, इंग्रज म्हणजे हलकट दुकानदारांची टोळी. ते कागद आज छापील मिळतात. तारेतला मजकूर शांत, नेमका, आणि कडेला हा थयथयाट. ज्याच्यासाठी इतक्या नेटकेपणाने लिहिलं तो वाचणारा कोण होता, हे त्या एका पानावर दिसतं.

आता लिखनॉव्स्कींवरचे आक्षेप. ते मी टाळणार नाही, कारण त्यांतले काही खरे आहेत. बर्लिनमध्ये त्यांना भोळे समजत. त्यालाही कारण होतं. ब्रिटन आणि रशिया यांच्यात आरमारी बोलणी चालली होती, आणि रशियाच्या लंडन वकिलातीतला झीबर्ट नावाचा सचिव तिथली कागदपत्रं गुपचूप जर्मनांना पुरवत होता. ग्रे यांनी जून १९१४ मध्ये पार्लमेंटात या विषयावर शब्द जपून उत्तर देत बगल दिली. लिखनॉव्स्कींनी ग्रे यांच्यावर विश्वास ठेवला. बर्लिनला खरी गोष्ट माहीत होती, पण खबऱ्या उघडा पडेल म्हणून ती त्यांना सांगितली नाही, आणि वर ‘इंग्रजांनी गुंडाळलेला माणूस’ असा शिक्का मारला. दुसरी गोष्ट १ ऑगस्टची. त्या दिवशी ग्रे यांच्या बोलण्याचा अर्थ लिखनॉव्स्कींनी असा घेतला की जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर हरखून गेला, सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा म्हणाला, मोल्ट्के हादरून गेले. रात्री राजा पंचम जॉर्जची तार आली की काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, आणि फौजा पुन्हा पश्चिमेकडे निघाल्या. चूक होती आणि मोठी होती. बुडणारा माणूस जसा काडीला हात घालतो तसा त्यांनी त्या वाक्याला हात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्याकडे गेले आणि बोलता बोलता रडले.

पण भोळेपणाच्या या आरोपाला दुसरी बाजू आहे. ग्रे यांच्या मनातलं सगळं लिखनॉव्स्कींना कळलं नसेल. ब्रिटन युद्धात उतरेल की नाही, या एका प्रश्नावर मात्र १ ऑगस्टची दुपार सोडली तर सतत तेच बरोबर होते, आणि त्यांना हसणारे सगळे चुकले.

मला त्यांचा खरा दोष वेगळा वाटतो. त्यांनी राजीनामा दिला नाही. आपल्याला अंधारात ठेवलं जात आहे याची शंका त्यांना जुलैच्या मध्यापर्यंत आली असणारच. तरीही ते पदावर राहिले आणि तारा पाठवत राहिले. लंडनमध्ये त्याच आठवड्यात जॉन मोर्ले मंत्रिमंडळातून बाहेर पडले, तेच मोर्ले, ज्यांच्या भारतमंत्रिपदाच्या काळात लोकमान्य मंडालेला गेले. त्यांच्या राजीनाम्याने युद्ध टळलं नाही, पण आपण यात नाही एवढं तरी त्यांनी उघड सांगितलं. लिखनॉव्स्की ज्या पिढीत आणि ज्या घरात वाढले तिथे राजदूत हा राजाचा माणूस असे. नोकरी सोडून लोकांसमोर जायचं, तर लोक म्हणजे कोण, हेच त्यांना उमगलं नसतं. मी त्यांना यासाठी माफ करायला तयार आहे, पण दोष नव्हता असं म्हणायला नाही.

६ ऑगस्टला ते निघाले. हारिचच्या बंदरावर इंग्रजांनी त्यांना मानवंदना दिली. घरी स्वागत झालं ते ‘इंग्लंडने फसवलेला राजदूत’ म्हणून. युद्धाचं खापर त्यांच्यावरच फुटू लागलं, आणि १९१६ मध्ये सायलेशियातल्या कुखेल्ना गावी आपल्या वाड्यात बसून त्यांनी लंडनमधल्या कामाची हकीकत लिहून काढली. छापायची म्हणून नव्हे, घरच्या दप्तरात ठेवायची म्हणून. मोजक्या प्रती मित्रांना दिल्या. त्यातली एक बेअरफेल्डे नावाच्या जनरल स्टाफमधल्या कॅप्टनच्या हाती पडली. ती वाचून हा लष्करी माणूस इतका हादरला की त्याने नकला काढून वाटायला सुरुवात केली. मार्च १९१८ मध्ये स्वीडनच्या ‘पोलिटिकेन’ या समाजवादी पत्राने ती छापली. आपल्या सरकारने इंग्लंडचे सगळे प्रस्ताव धुडकावले, ग्रे यांना युद्ध नको होतं, असं खुद्द जर्मनीचा राजदूत सांगत होता. मित्रराष्ट्रांनी ती हकीकत हातोहात उचलली. बेअरफेल्डेला अटक झाली. जुलै १९१८ मध्ये प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहातून लिखनॉव्स्कींना काढून टाकलं. गद्दार हे विशेषण त्यांना मरेपर्यंत चिकटलं.

गद्दारी कशाला म्हणायचं? आघाडीवर माणसं पडत असताना शत्रूच्या हाती असा कागद लागणं हे नुकसानच, हे मान्य. पण नुकसान त्या हकिकतीने केलं की तिच्यात नोंदलेल्या कृत्यांनी? हकीकत खोटी होती असं तर ठरलं नाही. युद्धानंतर समाजवादी विचारवंत कार्ल काउत्स्की यांनी जुळवलेले परराष्ट्र खात्याचे कागद डिसेंबर १९१९ मध्ये चार खंडांत बाहेर आले आणि त्यांत लिखनॉव्स्कींच्या तारा तारीखवार, कैसरच्या शेऱ्यांसकट छापलेल्या आहेत. तपशिलात काही ठिकाणी त्यांची स्मृती आणि मनातली सल यांनी रंग भरला असेल, पण मुख्य गोष्ट तशीच उभी राहिली.

आता त्या कागदांच्या मालकीकडे येतो. ४ ऑगस्ट १९१४, तोच दिवस, पण दुपार आणि बर्लिन. राइखश्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, युद्धासाठी पाच अब्ज मार्कांचं कर्ज एकमताने मंजूर केलं. समाजवादी पक्षाचे ११० सदस्य होते. आदल्या दिवशी पक्षाच्या बैठकीत ७८ विरुद्ध १४ असा कौल पडला होता आणि शिस्त म्हणून सगळ्यांनी हात वर केले. त्यांच्या हाती सरकारने दिलेली एक पुस्तिका होती, निवडक कागदपत्रांची. लिखनॉव्स्कींचे २७ आणि २९ जुलैचे इशारे तीत नव्हते. हे सदस्य ज्या देशाच्या तिजोरीची किल्ली देत होते, त्याच देशाच्या राजदूताने काय लिहिलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या तारा काही मैलांवरच्याही नव्हत्या. विल्हेल्मश्ट्रासेवरच्या परराष्ट्र खात्याच्या कपाटात होत्या, सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या वाचून दाखवल्या असत्या तर ७८ चे ४० झाले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण न दाखवता मागितलेली संमती ही संमती नव्हेच, एवढं मी ठामपणे म्हणेन.

यावर नेहमीचं उत्तर असं की राजदूत मोकळेपणी लिहितो ते गुप्ततेच्या भरवशावर. उद्या हे सभागृहात वाचलं जाणार असं त्याला कळलं तर तो मुळमुळीत लिहील. या म्हणण्यात तथ्य आहे. रोजची तार रोज चावडीवर वाचा, असं मी म्हणतच नाही. वाटाघाटी चालू असताना पत्ते झाकलेले लागतातच. पण युद्धाचं मतदान ही वाटाघाट नाही, ती संपल्याची खूण आहे. निदान त्या क्षणी, बंद दाराआड का होईना, लोकप्रतिनिधींच्या समितीला राजदूताचे अहवाल काटछाट न करता मिळाले पाहिजेत. आणि मोकळेपणी लिहिण्याचंच म्हणाल तर लिखनॉव्स्कींनी अगदी मोकळेपणी लिहिलं. उपयोग काय झाला? ज्याला ऐकायचं नव्हतं त्याच्याचपुरती ती गुप्तता होती.

हा रोग एकट्या जर्मनीचा नव्हता. ब्रिटनचे आणि फ्रान्सचे लष्करी अधिकारी १९०६ पासून एकत्र योजना आखत होते आणि हे कित्येक वर्षं ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनाही माहीत नव्हतं. ग्रे आणि फ्रेंच राजदूत कांबों यांच्यातली, संकटात एकमेकांशी सल्लामसलत करण्याबद्दलची, १९१२ ची पत्रं पार्लमेंटने पहिल्यांदा ऐकली ती ३ ऑगस्ट १९१४ ला, म्हणजे माघारीची वाट बंद झाल्यावर, आणि ग्रे यांनी वाचलेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य तेव्हाही गळालं होतं. ज्या ग्रे यांची लिखनॉव्स्कींनी इतकी भलावण केली त्यांनीही आपल्या लोकांना सगळं सांगितलं नव्हतंच.

जर्मनांनी पुढे धडा घेतला, तोही अर्धाच. जुन्या राज्यघटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार कैसरकडे होता, संस्थानांच्या प्रतिनिधींच्या सभेची संमती पुरे असे. १९१९ च्या वायमार प्रजासत्ताकाच्या नव्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने युद्ध आणि तह दोन्ही संसदेच्या कायद्यानेच होतील असं ठरवलं, आणि त्याच राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहारासाठी संसदेची कायम समिती नेमली. कागदावर हे चोख होतं. परराष्ट्र खात्याची सवय मात्र गेली नाही. युद्धाच्या जबाबदारीचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीसाठी हेर्मान कान्टोरोविच या कायदेपंडिताने १९२० च्या दशकात अहवाल लिहिला आणि त्यात स्वतःच्या देशाच्या सरकारला जबाबदार धरलं. खात्याने तो अडवला. तो छापून बाहेर आला १९६७ मध्ये. तोवर त्याच कपाटांच्या भरवशावर दुसरं महायुद्धही होऊन गेलं होतं. लिखनॉव्स्की १९२८ मध्ये कुखेल्नालाच वारले. गाव तेच होतं, पण युद्धानंतर आखलेल्या सीमेने ते चेकोस्लोव्हाकियात गेलं होतं.

किंमत कुणी मोजली, हे पाहायला मात्र सायलेशियापर्यंत जावं लागत नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत देवळापाशी किंवा चावडीवर संगमरवराची एक लहानशी पाटी असते. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. नावं नाहीत, फक्त आकडे. या माणसांना तर कुठल्याच सभागृहात हात वर करायचा नव्हता. पुण्याची सहावी डिव्हिजन, तिच्यातल्या मराठा पलटणींसकट, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्या उन्हाळ्यात लिखनॉव्स्की कुखेल्नाला आपली हकीकत लिहीत होते, आणि कुतच्या कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं जात होतं. वाटेत बरेच मेले. उरलेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास-अल-ऐनच्या छावणीत रेल्वेच्या कामाला जुंपलं. ती रेल्वे म्हणजे बगदाद रेल्वे, जिच्यावरचं भांडण मिटवून लिखनॉव्स्की आणि ग्रे यांनी १५ जून १९१४ ला सह्या केल्या होत्या.